कोसंबींचा तराजू

तुंगार्ली हे लोणावळ्याच्या उत्तर अंगाचे गाव. ब्रिटिश अमदानीत बांधलेले एक लहानसे धरण, राजमाचीकडे जाणारी जुनी वाट आणि अलीकडच्या काळात चहूबाजूंनी उठलेले बंगले, एवढीच त्याची सर्वसाधारण ओळख. या गावातला एक विद्यार्थी गेल्या वर्षी प्रस्तुत लेखकाच्या वर्गात होता. घरचे किराणा मालाचे दुकान. संख्याशास्त्राच्या प्रात्यक्षिकासाठी त्याने दुकानाच्या गल्ल्यातून एक रुपयाची नाणी वेचून काढली, बाजारातील एका सराफाच्या काट्यावर ती एकेक करून तोलली, टाकसाळीचे वर्ष आणि वजन असे दोन रकाने संगणकावरील स्प्रेडशीटमध्ये भरले, आणि कळ दाबून आलेख काढला. आलेख रंगीत होता, देखणा होता. रेषा डावीकडून उजवीकडे सावकाश उतरत गेली होती. रुपयाचे नाणे वर्षानुवर्षे ठराविक प्रमाणात हलके होत चालले आहे, असा निष्कर्ष त्याखाली सुवाच्य अक्षरात लिहिलेला होता. आम्ही त्यास वीसपैकी अठरा गुण दिले.

निष्कर्ष साफ चुकीचा होता. 1992 पासून निघालेल्या पोलादी रुपयाचे ठरलेले वजन 4.85 ग्रॅम. 2011 साली नव्या नमुन्याचा रुपया निघाला, तो 3.79 ग्रॅमचा. 2019 साली पुन्हा नमुना बदलला आणि वजन 3.09 ग्रॅमवर आले. म्हणजे येथे उतार नाहीच, तीन पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरी सपाट आहे आणि दोन पायऱ्यांच्या मध्ये सरकारचा एक निर्णय आहे. त्या पायऱ्यांवरून यंत्राने एक सरळ रेषा ओढली आणि आम्ही ती मान्य केली. ती रेषा तशीच पुढे वाढविली असती, तर याच शतकात केव्हातरी रुपयाचे वजन शून्य होईल, हेही तिने तितक्याच गांभीर्याने सांगितले असते. चूक विद्यार्थ्याची होती त्याहून अधिक ती ते पाहून अठरा गुण देणाऱ्याची होती.

ही चूक ध्यानात आली ती सुटीत दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे नाणकशास्त्रावरील लेखन पुन्हा वाचत असताना. नाणी तोलणे, वजनांचा आलेख काढणे आणि त्या आलेखावरून इतिहास वाचणे हे काम या मराठी विद्वानाने सुमारे ऐंशी वर्षांपूर्वी पुण्यात बसून केले. त्या काळी संगणक नव्हता. तराजू होता, आलेखाचा कागद होता, आणि स्वतःच्या निष्कर्षावर संशय घेण्याची सवय होती. आज एका कळीच्या अंतरावर आलेख आलेला असताना ही सवयच नेमकी दुर्मीळ झाली आहे. म्हणून या माणसाच्या आयुष्याकडे पुन्हा एकदा पाहणे अगत्याचे वाटते.

कोसंबींचा जन्म 31 जुलै 1907 रोजी गोव्यातील कोसबें येथे झाला. वडील धर्मानंद कोसंबी हे पाली भाषेचे आणि बौद्ध वाङ्मयाचे थोर अभ्यासक. ज्ञानासाठी घरदार सोडून नेपाळ, सिलोन आणि ब्रह्मदेशापर्यंत भटकलेला हा पुरुष पुढे हार्वर्ड विद्यापीठात ग्रंथसंशोधनासाठी गेला, आणि 1918 साली अकरा वर्षांचा दामोदर वडिलांबरोबर अमेरिकेस पोहोचला. शाळा तेथे, पदवीही तेथलीच. 1929 साली हार्वर्डमधून ते अत्युच्च श्रेणीत उत्तीर्ण झाले. गणित हा मुख्य ओढा, पण ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, जर्मन अशा भाषाही त्यांनी सहज आत्मसात केल्या होत्या. पुढे प्रसिद्धीस आलेले गणिती नॉर्बर्ट वीनर यांच्याशी त्यांचा स्नेह जडला तो याच काळात. पीएच.डी. मात्र त्यांनी कधी केली नाही. आज प्राध्यापकाच्या नेमणुकीसाठी ज्या कागदांची चळत मागितली जाते, ती त्यांना पुरी करता आली असती की नाही, याची शंकाच आहे.

स्वदेशी परतल्यावर बनारस हिंदु विश्वविद्यालय आणि मग अलीगढ येथे त्यांनी गणित शिकविले. अलीगढला त्यांना बोलाविणारे फ्रेंच गणिती आंद्रे व्हेय हे पुढे विसाव्या शतकातील अग्रगण्य गणितज्ञांत गणले गेले. 1933 साली कोसंबी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले आणि बारा वर्षे तेथे राहिले. 1934 मध्ये त्यांना रामानुजन स्मृती पारितोषिक मिळाले. शिस्तीला कडक, तोंडाने फटकळ आणि मध्यम बुद्धीच्या विद्यार्थ्याला अवघड वाटणारा असा हा शिक्षक होता. ही गोष्ट लपविण्याचे कारण नाही. लोकप्रियता हा त्यांचा गुण नव्हता.

संख्याशास्त्र ते कोणाकडे शिकले नाहीत. स्वतःला शिकवावयाचे तर एखादा प्रत्यक्ष प्रश्न अगदी मुळापासून हाती घेतला पाहिजे, अशी त्यांची धारणा होती. त्यासाठी त्यांनी निवडलेला एक प्रश्न शिक्षकांच्या जिव्हाळ्याचा आहे: परीक्षेतील गुण. विद्यार्थ्यांच्या गुणांचे वितरण तपासताना त्यांना दिसून आले, की परीक्षेची पातळी आणि अध्यापनाची पातळी यांचा मेळच बसत नाही. दुसरा प्रश्न होता प्राचीन भारतीय चांदीच्या नाण्यांचा, आणि तोच त्यांना गणिताच्या खोलीतून उचलून इतिहासाच्या मैदानात घेऊन गेला.

ज्यांना आपण आहत नाणी म्हणतो ती कार्षापणे म्हणजे चांदीच्या पत्र्याचे लहान तुकडे. त्यांवर राजाचे नाव नाही, मुखवटा नाही, साल तर नाहीच. दर्शनी बाजूस ठशाने उमटविलेली पाच चिन्हे आणि मागील बाजूस बारीकसारीक खुणा, एवढाच मजकूर. 1924 साली तक्षशिलेच्या उत्खननात अशा हजाराहून अधिक नाण्यांचा एक निधी सापडला. त्याच्याबरोबर अलेक्झांडरची ताजी, न झिजलेली नाणी होती, म्हणून निधी पुरला गेल्याचा काळ इसवी सनपूर्व चौथ्या शतकाच्या अखेरीस ठरविता आला. वॉल्श या अभ्यासकाने 1939 साली त्या नाण्यांची चिन्हे आणि वजने प्रसिद्ध केली. आकडे सर्वांपुढे होते. त्यांना नेमका प्रश्न विचारला तो कोसंबींनी.

त्यांचा विचार सरळ होता. टाकसाळीतून निघताना एका जातीच्या सर्व नाण्यांचे वजन जवळजवळ सारखे असते. नाणे हातोहात फिरू लागले, की ते कणाकणाने झिजते. काही नाणी जास्त फिरतात, काही कमी. म्हणून जसजसा काळ जातो तसतसे त्या गटाचे सरासरी वजन घटते आणि वजनातला आपापसातील फरक वाढत जातो. एकट्यादुकट्या नाण्यावरून काहीच सांगता येत नाही, कारण ते कशाने झिजले, कोणी ते कातरले, की मातीतल्या क्षारांनी ते खाल्ले, हे कळावयास मार्ग नसतो. पण एकाच वेळी पुरलेला निधी हा त्या वेळच्या चलनाचा नमुना असतो, आणि शेकडो नाण्यांची सरासरी बोलू लागते.

हे तत्त्व आधी पडताळले पाहिजे. त्यासाठी कोसंबींनी चालू व्यवहारातील हजारो नाणी तोलली. या नाण्यांवर सालाचा शिक्का असल्याने झीज काळाप्रमाणे होते की नाही, हे तपासून पाहता येत होते. तत्त्व खरे ठरल्यावर ते प्राचीन नाण्यांकडे वळले. मागील बाजूच्या खुणा हे सराफ-व्यापाऱ्यांनी नाणे पारखल्याचे शिक्के असावेत आणि ते कालांतराने वाढत गेले असावेत, असा त्यांचा तर्क होता. तर्क सिद्ध करावयाचा कसा? आडव्या अक्षावर खुणांची संख्या आणि उभ्या अक्षावर त्या गटाचे सरासरी वजन मांडावयाचे. खुणा वाढल्या की वजन घटते, असे बिंदू सांगू लागले आणि त्यांतून उतरती रेषा निघाली. ज्या नाण्यांवर एकही अक्षर नव्हते त्यांना अशा रीतीने वय मिळाले. कोणता गट जुना, कोणता नवा, याचा क्रम लागला. यावरील पहिला लेख 1940 साली आणि विस्तृत निबंध 1941 साली प्रसिद्ध झाला.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला यातला पुढचा भाग विशेष मोलाचा वाटतो. तक्षशिलेत सापडलेल्या या चलनावर मगधाची छाप होती, म्हणजे व्यापाराचे पारडे कोणत्या बाजूला झुकले होते ते दिसले. मौर्यकालीन नाण्यांत तांब्याची भेसळ वाढलेली आणि वजनाचा काटेकोरपणा ढळलेला आढळला. साम्राज्य वाढले, फौजफाटा वाढला, खर्च वाढला, आणि चलनावर ताण आला, हे कोणत्याही शिलालेखाने सांगितलेले नाही. ते तराजूने सांगितले. चलनवाढीचा इतका जुना पुरावा इतक्या साध्या साधनाने हाती आलेली उदाहरणे फार नसतील.

आता आमच्या तुंगार्लीच्या विद्यार्थ्याचा आलेख याच्या शेजारी ठेवून पाहावा. कोसंबींनी प्रथम नाण्यांचे गट पाडले. एका टाकसाळीची, एका नमुन्याची नाणी एकत्र घेतली, आणि मगच रेषेचा विचार केला. आम्ही तीन निरनिराळ्या नमुन्यांची नाणी एका रकान्यात कोंबली. दुसरी चूक तांत्रिक, पण शिक्षकांनी आवर्जून लक्षात ठेवावी अशी. स्प्रेडशीटमध्ये लाइन आणि स्कॅटर असे आलेखाचे दोन प्रकार असतात. दिसावयास ते सारखेच. परंतु लाइन प्रकारात आडव्या अक्षावरील आकड्यांकडे यंत्र सर्वसाधारणपणे संख्या म्हणून पाहतच नाही, ती त्याच्या लेखी नुसती नावे असतात. विद्यार्थ्याजवळ 1992, 1993, 1998 आणि 2004 या वर्षांची नाणी होती. त्यांच्यामध्ये एक, पाच आणि सहा वर्षांचे अंतर. यंत्राने ती चारही सारख्या अंतरावर बसविली, जसे सोमवार, मंगळवार, बुधवार मांडावेत. काळाचे मापच नाहीसे झाले. स्कॅटर प्रकारात मात्र प्रत्येक बिंदू आपल्या दोन्ही निर्देशकांप्रमाणे योग्य जागी बसतो. देकार्तने 1637 साली भूमितीला निर्देशकांची जी भाषा दिली, तिला अनुसरणारा आलेख हा. तिसरी गोष्ट उभ्या अक्षाची. तो शून्यापासून सुरू न होता तीन ग्रॅमपासून सुरू झाला, तर लहानसा उतारही कड्यासारखा दिसतो. वर्तमानपत्रांतील आणि निवडणुकीच्या प्रचारातील कितीतरी आलेख या एका युक्तीवर उभे असतात.

पुन्हा कोसंबींकडे वळू. 1943 आणि 1944 ही त्यांच्या आयुष्यातील विलक्षण फलदायी वर्षे. फलनांच्या सांख्यिकीवरील त्यांच्या 1943 च्या निबंधातली पद्धत पुढे इतरांनी स्वतंत्रपणे पुन्हा शोधून काढली आणि आज द्रवांच्या खळबळीपासून हवामानापर्यंत अनेक क्षेत्रांत ती वापरली जाते. 1944 साली त्यांनी गुणसूत्रावरील जनुकांमधील अंतर मोजण्याचे एक सूत्र दिले. जनुकशास्त्रज्ञ ते आजही कोसंबींच्या नावानेच ओळखतात. पुण्यातील एका महाविद्यालयात तास घेणाऱ्या शिक्षकाने हे केले, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

1945 साली होमी भाभा यांनी त्यांना नव्याने स्थापन झालेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पाचारण केले. मुंबईत नोकरी आणि पुण्यात घर, असा क्रम सुरू झाला. डेक्कन क्वीनने जाणेयेणे हा त्यांच्या दिनक्रमाचा भाग बनला. बोरघाटाची चढण, लोणावळ्याचे स्थानक, इंद्रायणीचे खोरे, कार्ल्याचा डोंगर हे सारे खिडकीतून जात असे, आणि रविवारी पायी. मावळातील लेणी त्यांनी प्रवाशाच्या नजरेने पाहिली नाहीत. कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबांवर धेनुकाकट येथील दात्यांची नावे कोरलेली आहेत, त्यांत यवनही आहेत. घाटातून उतरणारे व्यापारी मार्ग आणि त्या मार्गांवर कोरलेली लेणी यांचा संबंध त्यांनी उलगडून दाखविला. लेण्याच्या तोंडाशी एकवीरेचे देऊळ का, कोकणातले कोळी दरवर्षी डोंगर चढून तिच्या दर्शनास का येतात, हाही त्यांना इतिहासाचाच प्रश्न वाटला. पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर वेचलेली अश्मयुगीन गारगोटीची हत्यारे आणि खेड्यापाड्यांतल्या शेंदूर फासलेल्या देवी यांची सांगड घालून जुन्या पायवाटांचा नकाशा त्यांनी मांडला. येथेही पद्धत तीच होती: आधी जागेवर जाऊन बिंदू मिळवावयाचा, रेषा मागाहून.

1956 साली त्यांचा भारतीय इतिहासाच्या अभ्यासाचा प्रास्ताविक ग्रंथ इंग्रजीत प्रसिद्ध झाला आणि राजांच्या सनावळ्यांत अडकलेल्या इतिहासलेखनाला नवे वळण मिळाले. राज्यावर कोण होते, यापेक्षा लोकांपाशी नांगर होता की नाही, हे विचारणे अधिक महत्त्वाचे, ही दृष्टी त्यांनी रूढ केली. 1962 आणि 1965 साली आणखी दोन महत्त्वाचे ग्रंथ आले. याखेरीज शेकडो हस्तलिखिते ताडून सिद्ध केलेली भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती 1948 ची. एका माणसाच्या नावावर इतक्या निरनिराळ्या शास्त्रांतले काम असणे हे आजच्या काळात अशक्यप्राय वाटते.

या आयुष्याला दुसरीही बाजू आहे. मार्क्सवादी विचार, शांतता चळवळीतील सहभाग आणि तिखट जीभ यांमुळे त्यांचे अनेकांशी बिनसले. अणुशक्तीच्या अवाढव्य योजनांपेक्षा भारतासारख्या देशाने सूर्याची ऊर्जा वापरावी आणि लहान धरणे बांधावीत, हे मत अणुशक्तीचे पुरस्कर्ते असलेल्या भाभांच्या संस्थेत राहून मांडणे सोपे नव्हते. 1959 साली मूळ संख्यांसंबंधीच्या रीमानच्या प्रसिद्ध प्रश्नावर संभाव्यतेच्या मार्गाने केलेला दावा गणितज्ञांनी स्वीकारला नाही, आणि तो प्रसिद्धही झाला कृषी सांख्यिकीच्या नियतकालिकात. त्यांच्या लौकिकाला त्यामुळे धक्का बसला. बिंदूंकडून रेषेकडे जाताना घाई झाली, की काय होते, याचे उदाहरण दुर्दैवाने त्यांच्याच चरित्रात आहे. 1962 साली संस्थेतील त्यांची नेमणूक पुढे चालू राहिली नाही. दोन वर्षांनी वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यांना सन्माननीय वैज्ञानिक म्हणून नेमले. फेब्रुवारी 1966 मध्ये शास्त्रीय नाणकशास्त्रावरील त्यांचा लेख अमेरिकेतील एका विख्यात विज्ञान मासिकात झळकला. त्यानंतर चारच महिन्यांनी, 29 जून 1966 रोजी, पुण्याच्या राहत्या घरी झोपेतच त्यांचे निधन झाले. एकोणसाठावे वर्ष पुरे होण्यास महिना उरला होता.

अशा माणसाच्या चरित्रातून स्प्रेडशीट शिकविणाऱ्या साध्या शिक्षकाने काय घ्यावे? यंत्राचा राग करण्यात अर्थ नाही. 1979 साली पहिली स्प्रेडशीट बाजारात आली तेव्हापासून हिशेबाचे कितीतरी कष्ट वाचले आहेत, आणि कोसंबींना हे साधन मिळते तर त्यांनी ते आनंदाने वापरले असते, यात संशय नाही. परंतु वाचलेला वेळ कोठे गेला, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. तो वेळ मोजण्यात, पडताळण्यात, गट पाडण्यात जावयास हवा होता. तो रंग निवडण्यात गेला. आमच्या परीक्षापद्धतीचाही यात वाटा आहे. प्रात्यक्षिकाच्या वहीत छापील आलेख चिकटविला की गुण पडतात. आकडे कोठून आणले, अक्ष असेच का घेतले, कोणता बिंदू रेषेबाहेर पडला आणि तो का पडला, हे विचारण्याची रीत नाही. वस्तुतः निम्मे गुण या प्रश्नांना असावयास हवेत. पहिला आलेख कागदावर हाताने काढावा आणि दुसरा यंत्रावर, म्हणजे यंत्र कोठे घसरते ते आपोआप दिसेल. यासाठी अभ्यासक्रम बदलावा लागत नाही, नवी यंत्रेही लागत नाहीत. तपासणाऱ्याने वही उलटण्यापूर्वी दोन मिनिटे थांबले की पुरे.

सुटीनंतर त्या विद्यार्थ्याला बोलावून आमची चूक सांगितली. त्याने पुन्हा गल्ला उपसला, नाण्यांचे तीन ढीग केले, पुन्हा सराफाचे उंबरठे झिजविले, आणि या वेळी स्कॅटर प्रकाराने प्रत्येक ढिगाचा वेगळा आलेख काढला. तीनही जवळजवळ सपाट निघाले. पोलादी नाणे चांदीसारखे झिजत नाही, आणि जी काही थोडी झीज झाली असेल ती त्या काट्याला दिसण्याजोगी नव्हती. सांगण्याजोगा निष्कर्ष निघाला नाही, म्हणून तो हिरमुसला होता. रेषा निघत नाही हे प्रामाणिकपणे सांगणे हाही निष्कर्षच असतो, हे त्याला पटवून देण्यास तास खर्ची पडला. त्याचे अठरा गुण विद्यापीठाकडे केव्हाच रवाना झाले होते, ते बदलता येणार नव्हते. वस्तुतः या दुसऱ्या आलेखालाच ते द्यावयास हवे होते.